फिलर नेमकं काय भरतं?

पंचेचाळिशीच्या आसपास एक कोडं पडतं. ब्लाउजच्या शिवणी उसवून सैल कराव्या लागतात आणि त्याच आठवड्यात लग्नात भेटलेली मामी म्हणते, "किती गं वाळलीस!" वजनकाटा वाढलेलं वजन दाखवतो, आरसा बसलेले गाल दाखवतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

चेहऱ्याची चरबी एकसंध नसते. ती लहान लहान कप्प्यांत वाटलेली असते आणि प्रत्येक कप्पा आपापल्या गतीने म्हातारा होतो. अमेरिकेत डॅलस इथल्या रॉड रोरिक आणि जोएल पेसा या शल्यविशारदांनी मृतदेहांच्या चेहऱ्यात निळा रंग सोडून पाहिला, तेव्हा तो सगळीकडे न पसरता कप्प्यांच्या पडद्यांशी थांबला. २००७ साली त्यांनी हा नकाशा प्रसिद्ध केला. वय वाढतं तसे गालाच्या हाडालगतचे खोल कप्पे आटतात, त्यांचा आधार गेला की वरचं मांस खाली सरकतं आणि नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी ठळक होते. पोट वाढत असतानाही हे चालूच राहतं. हाडही बदलतं. डोळ्यांची खोबण रुंदावते, वरचा जबडा मागे सरतो. कवळी काढून ठेवलेल्या आजीचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हाडाचा आधार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

फिलर म्हणजे हा गेलेला आधार सुईने भरून काढण्याचा उपाय. बोटॉक्स वेगळं. ते स्नायूला काही महिने ढिलं पाडतं, भरत काहीच नाही. लोक दोन्हींना सरसकट "चेहऱ्याचं इंजेक्शन" म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पुण्याजवळच्या मुळशीतही हे इंजेक्शन आता पोचलं आहे. मुळशी म्हटलं की धरण, आंबेमोहोर आणि ताम्हिणीचा पाऊस एवढंच आठवणाऱ्यांना हा विषय परका वाटेल. पण हिंजवडी आणि माण ही आयटीची गावंही मुळशी तालुक्यातलीच, आणि भूगाव-पिरंगुटवरून पुढे ताम्हिणीकडे जाताना लग्नाची लॉन आणि रिसॉर्ट लागतात. नवरीच्या, हल्ली नवरीच्या आईच्याही "पॅकेज"मध्ये फेशियलच्या खालच्या ओळीत फिलर लिहिलेलं दिसू लागलं आहे. या दोन गोष्टी एकाच यादीत असणं मला सगळ्यात जास्त खटकतं. फेशियल बिघडलं तर तोंड धुता येतं.

सुईत असतं काय?

आज सर्वाधिक वापरलं जाणारं फिलर हायलुरॉनिक ॲसिडचं असतं. सीरमच्या जाहिरातींमुळे हे नाव घरोघरी पोचलं आहे. वरून चोळलेलं सीरम त्वचेचा वरचा थर ओलसर ठेवतं, गाल भरत नाही. हा पदार्थ आपल्या अंगात मुळातच असतो: त्वचेत, सांध्यातल्या वंगणात, डोळ्यातल्या पारदर्शक गरात. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला. साधारण ७० किलो वजनाच्या माणसात तो १५ ग्रॅमच्या आसपास असतो. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा शरीर रोज मोडतं आणि नव्याने घडवतं. पाणी धरून ठेवणं हे त्याचं मुख्य काम.

आता अडचण अशी, की शरीर ज्याला इतक्या झपाट्याने मोडतं तो पदार्थ जसाच्या तसा गालात भरला तर काही दिवसांत नाहीसा होईल. म्हणून कारखान्यात त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना रासायनिक दुव्यांनी जोडतात. ही जोडणी करणारं बीडीडीई नावाचं रसायन नंतर धुऊन काढलं जातं आणि त्याचा नाममात्र अंश उरतो. जोडणीनंतर त्या द्रावणाचं जेल होतं. ते तोडायला शरीरातल्या एन्झाइमला कित्येक महिने लागतात. दुवे आणि घट्टपणा कमी-जास्त करून वेगवेगळी जेल बनवतात. हनुवटीला आणि जबड्याला कडक, ओठाला मऊ. ओठाचं जेल हनुवटीत भरलं तर ते पसरतं आणि हनुवटीचं ओठात भरलं तर हसताना कळतं.

शाकाहार पाळणाऱ्या घरातल्या बायका एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात: हे प्राण्यांपासून काढलेलं तर नाही ना? पूर्वी हायलुरॉनिक ॲसिड कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आताची बहुतेक फिलर जिवाणू वाढवून, किण्वनाने बनवलेली असतात. त्याआधीचं, १९८१ साली अमेरिकेत परवानगी मिळालेलं कोलॅजन मात्र गोवंशाच्या कातडीतून येत असे, आणि ॲलर्जीच्या भीतीने आधी हातावर थोडंसं टोचून महिनाभर वाट पाहावी लागे. त्याहून मागे गेलं तर १८९९च्या सुमारास व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचायला सुरुवात केली होती. वितळलेलं मेण सुईतून आत, थंड झालं की घट्ट. चेहरे सुरुवातीला सुंदर दिसले. पुढे त्या मेणाच्या गाठी झाल्या, ते जागेवरून सरकलं, काहींची त्वचा फुटली. शरीर ज्याला मोडू शकत नाही ते शरीरात सोडणं किती महागात पडतं याचा हा पहिला मोठा धडा होता. पातळ सिलिकॉनने तो पुढे पुन्हा दिला.

हायलुरॉनिक ॲसिडची खरी थोरवी इथे आहे. त्याला विरघळवणारं औषध आहे, हायलुरोनिडेज. टोचलं की काही तासांत जेल तुटायला लागतं. कॅल्शियमचे किंवा पॉलिलॅक्टिक ॲसिडचे कण असलेली फिलरही बाजारात आहेत. त्यांना अशी उलट वाट नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने हायलुरॉनिकच मागावं असं मी बिनदिक्कत सांगेन.

दुखतं का, दिसतं का, टिकतं किती?

बहुतेक जेलमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे पहिल्या टोचणीनंतर दुखणं कमी होत जातं. ओठ मात्र हळवे. एका सिरिंजमध्ये १ मिली जेल असतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. इतक्याशाने गाल फुग्यासारखा होईल ही भीती अनाठायी आहे. तो तसा होतो तो सिरिंजवर सिरिंज रिकामी केल्यामुळे.

सूज दोन-तीन दिवस राहते, निळंजांभळं पडलं तर आठवडा, कधी दोन. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत आणखी एक गोष्ट घडते. रक्त साकळलेल्या किंवा सुई टोचलेल्या जागी नंतर तपकिरी डाग उरू शकतो, डोळ्याखाली विशेषतः. तो जातो, पण महिने घेतो. म्हणून लग्नाच्या तारखेच्या निदान काही महिने आधी हे उरकलेलं असावं. आणि हळदीचा विचार करावा. हळदीला मावश्या-आत्या गालांना ज्या जोराने हळद चोळतात, तेवढा दाब पहिल्या दोन आठवड्यांत, अजून नीट न बसलेल्या जेलला देऊ नये.

टिकण्याचं गणित जागेवर अवलंबून आहे. सतत हलणाऱ्या ओठात ते सहा-आठ महिन्यांत ओसरतं, हाडालगत गालात वर्ष-दीड वर्ष. एमआरआयमध्ये काही जणांच्या चेहऱ्यात कित्येक वर्षांनंतरही जेल दिसलेलं आहे. म्हणजे "सगळं विरघळून जातं" ही दवाखान्यातली ठरलेली ओळ अर्धीच खरी. उठाव ओसरला तरी थोडं जेल मागे राहू शकतं, आणि दर सहा महिन्यांनी नेमाने भरत गेलं तर नवं जेल जुन्यावर साचतं.

यालाच लागून सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न येतो: पुढे बंद केलं तर चेहरा आधीपेक्षा जास्त लोंबेल का? माफक प्रमाणात भरलेल्या जेलने त्वचा ताणून सैल झाल्याचा भक्कम पुरावा नाही. जेल ओसरलं की चेहरा त्या वयाला जसा असता तसा दिसतो. पण तोवर भरलेले गाल आरशात पाहायची सवय झालेली असते आणि मधल्या दोन वर्षांत वय पुढे गेलेलं असतं, ते एकदम नजरेत भरतं. वारंवार खूप भरलेल्यांचं वेगळं. तिथे जेल शेजारच्या जागेत सरकतं, वरच्या ओठावर मिशीच्या जागी उंचवटा येतो आणि भरण्याऐवजी विरघळवण्यासाठी डॉक्टरकडे जावं लागतं.

डोळ्याखालची निळसर झाक ही आणखी एक तक्रार. ती नेहमी रक्त साकळल्याचीच नसते. पातळ त्वचेत जेल फार वरच्या थरात राहिलं की त्यातून प्रकाश विखुरतो आणि निळा भाग जास्त परत येतो. शाळेच्या पुस्तकातला टिंडॉल परिणाम तो हाच. उपाय, थोडं हायलुरोनिडेज.

गाठी दोन प्रकारच्या. पहिल्या आठवड्यात हाताला लागणारी मऊ गाठ बहुधा सूज किंवा एका जागी साठलेलं जेल असते आणि ती आपोआप बसते. महिन्यांनी, कधी वर्षानंतरही उगवणारी, लाल आणि दुखरी गाठ वेगळी. जंतूंचा पातळ थर जेलवर बसलेला असू शकतो, किंवा एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती जेलवर उठलेली असू शकते. दाताचं मोठं काम फिलरच्या आगेमागे दोन आठवडे टाळायला सांगतात ते यासाठी. अशी गाठ घरी शेकत बसण्यात अर्थ नाही.

रक्ताची वाट

आतापर्यंतचे प्रश्न लोक विचारतात. जो विचारायला हवा तो सहसा कुणी विचारत नाही, आणि त्याचा धागा पुण्यापर्यंत येतो.

१७९२च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला टिपूच्या लोकांनी पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये या शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. शस्त्रक्रिया पाहणाऱ्यांत मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर होते. कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलून खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. पण ती कातडी त्याने पूर्ण तोडली नाही. दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे नव्या नाकाला रक्त मिळत राहील. पंचवीसेक दिवसांनी कातडी खाली रुजल्यावर मगच ती पट्टी कापली. वीस वर्षांनी, १८१४मध्ये, लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी हीच रीत वापरून शस्त्रक्रिया केली आणि तिथून ती युरोपभर गेली.

त्या अरुंद पट्टीतून भुवईच्या आतल्या टोकाजवळून कपाळावर चढणारी एक बारीक धमनी जाते. सगळं नाक जिवंत राहिलं ते तिच्या जोरावर. ही धमनी येते डोळ्याच्या खोबणीतून, डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीची फांदी म्हणून. भुवयांमधल्या आठ्या भरताना किंवा नाकाचा बांधा उंच करताना सुई याच भागात असते.

सुईचं टोक चुकून धमनीच्या आत गेलं तर काय होतं? ओढ्यावरून निघालेल्या पाटाला पुढे दोन फाटे फुटले आहेत असं समजा, एक तुमच्या खाचराकडे, एक शेजाऱ्याच्या. तुमच्या फाट्यात कुणी उलट्या दिशेने चिखल रेटला तर तो मागे सरकत फाटा फुटतो तिथवर जाईल. रेटणं थांबलं की ओढ्याच्या पाण्याचा जोर पुन्हा लागेल आणि तो चिखल शेजाऱ्याच्या फाट्यात जाऊन बसेल. शेजाऱ्याच्या खाचराला दुसरीकडून पाणी नसेल तर त्याचं भात गेलं. सिरिंजच्या दट्ट्याचा दाब रक्ताच्या दाबाहून सहज जास्त होतो, म्हणून जेल धमनीत उलटं सरकतं. दट्ट्या सैल पडताच रक्त त्याला पुढे ढकलतं, आणि पुढचा एक फाटा डोळ्याच्या पडद्याकडे जातो. त्या पडद्याला रक्ताची दुसरी वाट जवळजवळ नाहीच. रक्ताशिवाय तो सुमारे ६० ते ९० मिनिटं तग धरतो. एवढ्या अनर्थाला १ मिलीचा दहावा भाग पुरतो.

हे दुर्मीळ आहे. कॅनडाच्या त्वचारोगतज्ज्ञ केटी बेलेझने यांनी सहकाऱ्यांसह २०१५ साली तोवरच्या वैद्यकीय नोंदी चाळल्या, तेव्हा जगभरातून फिलरनंतर दृष्टीवर परिणाम झालेले ९८ रुग्ण हाती लागले. त्यांतल्या दहापैकी सहांहून जास्त जणांना सुई भुवयांच्या मधे किंवा नाकावर दिलेली होती. आणि जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत टोचलेला पदार्थ होता रुग्णाची स्वतःचीच चरबी. "आपलीच चरबी, मग धोका कसला" हा युक्तिवाद तिथे मोडतो. चरबी हायलुरोनिडेजने विरघळतही नाही.

डोळ्यापर्यंत न पोचता जेल त्वचेच्याच धमनीत अडकणं हे त्यामानाने जास्त वेळा घडतं, आणि वेळेत ओळखलं तर बहुतेकदा सुधारतं. हायलुरोनिडेजचे मोठे डोस पुन्हा पुन्हा देऊन त्वचेचा रंग परत येईपर्यंत डॉक्टर रुग्णाला समोर बसवून ठेवतात. ओळखणं हीच मेख आहे. परदेशी पुस्तकांत "त्वचा पांढरी पडते" असं लिहिलेलं असतं. सावळ्या चेहऱ्यावर पांढरेपणा पटकन कळत नाही आणि लिग्नोकेनमुळे दुखणंही झाकलं जातं. अशा वेळी बोटाने दाबून सोडायचं. रंग दोन-तीन सेकंदांत परत आला पाहिजे. दुसऱ्या गालाशी ताडून पाहायचं.

चौकट: थांबू नका, लगेच फोन करा

• टोचलेल्या भागाचं दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं आहे.
• त्वचा फिकी किंवा राखाडी दिसते, किंवा तिच्यावर जांभळी जाळी उमटली आहे. ही जाळी टोचलेल्या जागेपासून लांबही, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर, दिसू शकते.
• दाबून सोडल्यावर रंग परत यायला वेळ लागतो.
• दोन-तीन दिवसांनी त्याच भागात पिवळसर पुळ्या आल्या. त्या मुरमं समजून मलम लावत बसू नये.
• एका डोळ्याने अंधुक दिसू लागलं किंवा दिसेनासं झालं, पापणी पडली, डोळ्यात कळ आली. फोनवर वेळ न घालवता नेत्रतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावं.

कुणाकडून, कुठल्या डब्यातून?

लक्षणं कधी कधी काही तासांनी उमटतात. म्हणून सकाळी हिंजवडीत सुई घेऊन दुपारी रेंज न मिळणाऱ्या ताम्हिणीच्या रिसॉर्टवर निघणं शहाणपणाचं नाही. पहिला दिवस आणि रात्र डॉक्टरच्या आवाक्यात घालवावी.

डॉक्टर म्हणजे त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस. "एस्थेटिक्स"चं चार दिवसांचं प्रमाणपत्र भिंतीवर कितीही सोनेरी चौकटीत असलं तरी धमन्यांचा नकाशा त्यातून येत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत डॉक्टरचं नाव आणि पदवी शोधता येते. त्यात संकोच कसला? घर घेताना आपण सात-बारा पाहतोच. पार्लरमध्ये, घरगुती "पार्टी"त, किंवा सुईशिवाय दाबाने ओठात जेल घुसवणाऱ्या पेनने हे करून घेऊ नये. त्या पेनबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे.

समोर बसल्यावर एकच प्रश्न धिटाईने विचारावा: "हायलुरोनिडेज आत्ता तुमच्याकडे आहे का, आणि किती?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही, कपाट उघडून दाखवतो. टोचताना तो घाई करत नाही, थोडं थोडं देतो, धोक्याच्या जागी बोथट टोकाची नळी वापरतो आणि तुमच्या चेहऱ्याचा रंग पाहत राहतो. काहीजण आता सोनोग्राफीने धमनी कुठे आहे ते आधी बघतात.

आपणही काही गोष्टी लपवू नयेत. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर हे पुढे ढकला. ओठावर तापाचे फोड वारंवार येत असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, आधी कुठे काही टोचून घेतलेलं असेल तर सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि डोंगरात राहणाऱ्यांनी एक खास गोष्ट सांगावी: मधमाशी किंवा गांधील चावून कधी अंग सुजलं, श्वास अडला होता का. त्यांच्या विषात हायलुरोनिडेज असतं, त्यामुळे अशा माणसाला हे विरघळवणारं औषधही बाधू शकतं. जेल भरण्याआधी हे माहीत असणं डॉक्टरच्या दृष्टीने मोलाचं.

फिलर आपल्या देशात २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं. आयात केलेल्या डब्यावर आयात परवान्याचा क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. अर्धी वापरलेली सिरिंज "तुमच्यासाठी फ्रीजमध्ये ठेवली होती" म्हणून कुणी पुढे केली तर उठून या. अनेक कंपन्यांच्या डब्यात बॅच क्रमांकाचे सुटे स्टिकर असतात. एक दवाखान्याच्या कागदावर जातो, दुसरा मागून घ्या आणि कुठल्या भागात किती मिली गेलं ते त्याच्याशेजारी लिहून घरच्या फाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी दाताचं ऑपरेशन असेल किंवा चेहऱ्याचा एमआरआय, तेव्हा गालात दिसणारी ती पांढुरकी सावली कसली आहे हे समोरच्या डॉक्टरला त्या कागदावरून कळेल.